उगवण क्षमता

आमच्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत माझी अब्रू गेली ती उजव्या कोपऱ्यातून. 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेवर माझं सादरीकरण चालू होतं, चाळीसेक गुरुजन अर्धवट झोपेत होते, म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात भिंतीवर खालच्या अंगाला राखाडी अक्षरं उमटली : 'ॲक्टिव्हेट विंडोज'. लॅपटॉपवर ही अक्षरं मुंगीएवढी दिसतात. प्रोजेक्टरनं ती वीतभर केली होती. अध्ययन निष्पत्ती कुणीच वाचत नव्हतं, हे मात्र चाळीसही जणांनी वाचलं. केंद्रप्रमुखांनी चष्मा कपाळावर नेला.

"सर, ते खाली काय लिहिलंय?"

"ते आपल्या विषयात येत नाही, सर."

"चोरीचं असलं की येतं म्हणे तसं," मागून आवाज आला. आवाज विज्ञानाच्या सरांचा होता. त्यांच्याकडं लॅपटॉप नाही. यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी आकडेवारीची, माहिती भरायला ते माझाच नेतात.

आता चोरीचं म्हणाल, तर लॅपटॉप मी २०१९च्या दिवाळीत परभणीत रोख पैसे मोजून, पावतीनिशी घेतलेला. २०२१मध्ये तो आमच्या गावच्या एस्टीसारखा चढावर थांबायला लागला, म्हणून दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं पाचशे रुपयांत फॉरमॅट मारला आणि वर म्हणाला, "सर, तुमच्यात होम होतं. मी प्रो टाकून दिलंय." होम म्हणजे विंडोजची घरगुती आवृत्ती, प्रो म्हणजे तिच्या वरची. मी हरखलो. ज्याला निवडश्रेणी या वरच्या वेतनश्रेणीसाठी चोवीस वर्षं नोकरी, प्रशिक्षण आणि प्रस्तावाच्या तीन प्रती लागतात, त्याचा लॅपटॉप एका दुपारीत होमचा प्रो झाला होता. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी कोपऱ्यात ती राखाडी ओळ यायची, मी दोनशे रुपये द्यायचो, तो अँटिव्हायरस बंद करून काहीतरी खुडबुड करायचा आणि ओळ जायची. मला वाटायचं, सर्व्हिसिंग असतं तसं.

पण परिषदेनंतर मी ठरवलं, आता कायदेशीर घ्यायचं. तशात माझ्या विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार, पुढं सुरक्षेचे अपडेट बंद, अशी हाकाटी सुरू झाली होती. (नंतर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदतवाढीची सोय निघाली. पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्या माणसाला याचं नवल वाटलं नाही.) विंडोज ११ प्रोची अधिकृत किंमत पाहिली. आकडा पाचअंकी होता. साइट बंद करून पाणी प्यालो. आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर जाहिरात आली : विंडोज ११ प्रो, लाइफटाइम, जेन्युइन, शंभर टक्के ओरिजिनल, फक्त ४९९. जुन्या किमतीवर काट मारलेली. खाली चार तास राहिल्याचं घड्याळ. ते घड्याळ मी आठवडाभर पाहत होतो, रोज चारच तास राहिलेले असायचे.

घरात खऱ्याखोट्याची पारख असलेला माणूस एकच, आमचे आण्णा. आण्णांनी आयुष्यभर सोयाबीन, तूर आणि बियाणे दुकानदार हाताळलेत. २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला होता, त्या ढिगात एक कागद आण्णांचा होता. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आण्णांनी पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर शिल्लक दाणे असा मुद्देमाल पाटावर मांडून ठेवला होता. तेव्हापासून ते १८ मेच्या पहाटे कृषी विद्यापीठात जाऊन रांगेत उभे राहतात. विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो, बियाणं विकायला काढतात. एमएयूएस १५८ हे सोयाबीनचं वाण मिळालं तरच घरी येऊन चहा घेतात.

मी त्यांना जाहिरात दाखवली.

"पिशवी दाव."

"पिशवी नसते, आण्णा. मोबाइलवर येतं."

"मंग टॅग? निळा का हिरवा?" निळा टॅग म्हणजे प्रमाणित, हिरवा म्हणजे कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलेलं सत्य. आण्णा हिरव्याकडं संशयानं बघतात.

"टॅग नसतो. पंचवीस अक्षरांची किल्ली असते."

"लॉट नंबर? पावती?"

"विचारतो."

"उगवन किती टक्के?"

मी म्हणालो, शंभर टक्के लिहिलंय.

आण्णांनी मोबाइल परत दिला. "सोयाबीनला सत्तर लिहितेत. शंभर लिहिणारा एक तर देव असंल न्हाईतर बोगस. तू कावून घेऊलालास हे?"

इथं मी त्यांना अडाणी ठरवलं, हे कबूल करतो. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभरानं मोजता येतात; किल्ली कुठल्या गोणपाटात गुंडाळणार? रात्री साडेअकराला मी ४९९ रुपये पाठवले. पलीकडून पावती आली नाही, अंगठा आला. मग किल्ली आली, तीही फोटोतून, धुकट. सातबाऱ्याची झेरॉक्सची झेरॉक्स असते तशी.

मी मराठीचा शिक्षक. पंचवीस अक्षरं, पाचापाचांचे पाच गट पाहिल्यावर माझ्या डोक्यात एकदम क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग उभे राहिले. क्षणभर माहेरी आल्यासारखं वाटलं. पुढं मात्र हाल झाले. बी का आठ, जी का सहा, यावर मी आणि सौ. भिंग घेऊन बसलो. तिसऱ्या गटात एक गोल होता. मी शून्य म्हणत होतो, ती ओ म्हणत होती. दोन्ही टाकून पाहिलं. दोन्ही चूक. बाराच्या सुमाराला पुण्याला भाच्याला फोन लावला.

"मामा, त्यात शून्य नसतो. ओ पण नसतो. ए, ई, आय, ओ, यू, एकही स्वर नसतो. एक आणि पाच हे आकडेही नसतात. क्यू असंल, शेपूट बघा."

शेपूट होतं. सौ.नं माझ्याकडं पाहिलं ते मी इथं लिहीत नाही. पण मला राहून राहून वाटत राहिलं, स्वर नाहीत म्हणजे सगळी व्यंजनं पाय मोडकी. असली भाषा उभी कशी राहणार?

"पण तुम्ही हे काय घेतलंय, मामा?" भाच्यानं विचारलं. मी रेंज गेल्याचं सांगितलं.

क्यू टाकला. पडद्यावर आलं, की ही किल्ली ठरल्यापेक्षा जास्त वेळा वापरली गेलीय. विकणाऱ्याला कळवलं. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "नो टेन्शन सर, फोन ॲक्टिव्हेशन करू. स्क्रीनवरच्या नंबरचा फोटो पाठवा." तो नंबर त्रेसष्ट आकड्यांचा होता. सातासातांचे नऊ गट. फोटो पाठवला. पंधरा मिनिटांनी त्याच्याकडून अठ्ठेचाळीस आकडे आले, सहासहांचे आठ गट. सौ. वाचत गेली, मी टाकत गेलो. जनगणनेच्या ड्यूटीतसुद्धा मी इतके आकडे इतक्या श्रद्धेनं भरले नव्हते. शेवटचा आकडा पडला आणि पडद्यावर हिरवी खूण आली. विंडोज ॲक्टिव्हेट झालं होतं.

सकाळी मी आण्णांना उठल्या उठल्या लॅपटॉप दाखवला. "उगवलं, आण्णा!"

आण्णांनी कोपरा पाहिला. "उगवलंय खरं," ते म्हणाले. "मर लागती का बघ."

मर म्हणजे काय ते तुरीवाल्यांना सांगायला नको. पीक फुलावर असतं, हिरवंगार दिसतं आणि एका सकाळी झाड उभ्या उभ्या माना टाकतं. माझ्या विंडोजला तीन आठवड्यांनी लागली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी कोपऱ्यात तीच राखाडी ओळ हजर. विकणाऱ्याला मेसेज केला, एकच बरोबरची खूण आली. त्याचा फोटोही गेला होता. 'लाइफटाइम' लिहिलं होतं ते कुणाच्या लाइफचं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

दिवाळीला ताई आली, बरोबर भाचा. त्यानं फराळाचं ताट एका हातात धरून दुसऱ्या हातानं संगणकाला आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडली, 'एसएलएमजीआर' असा काहीतरी बीजमंत्र टाकला आणि खदखदून हसला. मग त्यानं मला माझ्याच लॅपटॉपचा इतिहास सांगितला.

दुरुस्तीवाल्यानं २०२१मध्ये जे टाकलं ते मोठ्या कार्यालयांसाठी असलेल्या पद्धतीचं होतं. तिथं शेकडो संगणक असतात, त्यांची हजेरी कार्यालयाचाच एक मुख्य संगणक घेतो. १८० दिवसांत एकदा तरी हजेरी लागली नाही, की परवाना निलंबित. माझ्याकडं कार्यालय कुठलं असायला? म्हणून त्यानं लॅपटॉपच्या आतच एक तोतया हेडमास्तर बसवला होता, जो माझी हजेरी लावत होता. अँटिव्हायरस जागा झाला की तोतयाला हाकलायचा. पुढं १८० दिवस भरले, की ओळ यायची आणि मी दोनशे रुपये देऊन त्याला पुन्हा रुजू करून घ्यायचो.

"आणि ती ४९९ची?"

"ती बहुतेक कुठल्या तरी कंपनीला मिळालेली किल्ली असणार. ठरावीक संगणकांपुरती. ती यांनी फोडून दिसंल त्याला विकली. एकच प्लॉट पन्नास जणांना विकल्यासारखं आहे, मामा. खरेदीखत पन्नास जणांकडं, सातबारा कुणाच्याच नावावर नाही. किल्ली चालली म्हणजे परवाना तुमचा झाला असं नसतं."

हे मला लगेच समजलं. वसमत रोडला आमचा असा एक प्लॉट आहे.

"मग आता अधिकृत घ्यावं लागंल? पाचअंकी?"

भाच्यानं चकली मोडली. "तुम्ही लॅपटॉप घेतला तेव्हा होम आतच होतं ना? त्याची किल्ली मदरबोर्डमध्येच कोरलेली असते. फॉरमॅट मारला तरी जात नाही. ती अजून तिथंच आहे. आणि तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, ११ला चालतो. खरं होम असलं की ११ फुकट."

काखेत कळसा असलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते त्या दिवशी सौ.नं पाहिलं. मी मनात हिशोब केला. फॉरमॅटचे पाचशे, दोनशेच्या आठ खेपा, वर ४९९. फुकट असलेल्या वस्तूचे मी २,५९९ रुपये भरले होते, आणि एकाही रुपयाची पावती नव्हती. सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. प्रो म्हणजे बढती समजून मी चार वर्षं मिरवत होतो. मूळचं, हक्काचं पद होमच होतं.

भाच्यानं सगळं पुसून विंडोज ११ होम नव्यानं टाकलं. माझा जीव त्या पुसण्यात अडकला होता, कारण दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. त्या त्यानं पेनड्राइव्हवर काढल्या. फॉन्ट राहिला. त्यामुळं सध्या माझ्याकडचा सहामाहीचा निबंधाचा प्रश्न चिन्यांच्या पत्रासारखा दिसतो. बाकी सगळं नीट झालं. आणि मजा म्हणजे किल्ली कुणी विचारलीच नाही. मी भिंग घेऊन तयार बसलो होतो.

संध्याकाळी आण्णा ओसरीवर होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधे आलं होतं, ते त्यांना आवडलं नाही. पण उजवा कोपरा स्वच्छ होता.

"कितीला पडलं?"

"फुकट, आण्णा. एक पैसाही नाही."

आण्णांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लागेल इतके खाली वाकले.

"फुकट?" ते म्हणाले. "मंग बोगसच असंल. नीट बघ."