ट्रेलरच्या टायरचा आकडा वाढला म्हणून हवा काढू नका

‘ट्रेलरला टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारे प्रेशर सेन्सर लावल्यावर थोडं अंतर गाडी चालवा, टायर गरम झाले की जो आकडा दिसेल तोच मूळ दाब म्हणून सेट करा, पुढे आकडा चढला तर हवा काढा,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यातला हवा काढण्याचा भाग धोक्याचा.

मूळ दाब थंड टायरवरच ठरतो, म्हणजे ट्रेलर निदान तीन तास उभा असताना, उन्हात नसताना. उदाहरणार्थ, आतली हवा १५ अंश सेल्सिअस असताना ६५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) भरले. रस्त्यावर ती ४० अंशांवर गेली की आकडा ७२च्या आसपास जातो. हा बिघाड नव्हे. टायर बनवणाऱ्याने ही वाढ आधीच धरलेली असते. घाबरून तो ६५वर आणलात, तर टायर निवल्यावर ५८-५९च उरतील. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि भरल्या ट्रेलरखाली फुटतो.

मात्र चारांपैकी एकच टायर बाकीच्यांपेक्षा बराच गरम दिसला, तर थांबा. हवा कमी असेल, नाहीतर ब्रेक किंवा बेअरिंग धरत असेल.

‘सिग्नल येत नाही म्हणजे सेन्सर खराब’ हेही घाईचं. लांब ट्रेलरचं मागचं चाक डॅशबोर्डवरच्या डिस्प्लेपासून फार दूर पडतं. ट्रेलरच्या पुढच्या भागात रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र, बसवून बघा. आणि चाकांची अदलाबदल केली असेल तर सेन्सरच्या जागा पुन्हा नोंदवा, नाहीतर बिघाड उजव्या चाकात असताना डिस्प्ले डावं दाखवेल आणि तुम्ही भलत्याच चाकापाशी वाकून बसाल.