वाचून झाल्यावर?

मासिकावर किंमत छापतात आणि वजन छापत नाहीत, ही मासिकवाल्यांची लबाडी आहे, असं शनिवारी आमच्या एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, एका सदस्यांनी मला सुनावलं. तेही हेडमास्तरांसमोर, आणि मी मागवलेला चहा बशीत ओतून घेत.

आमची शाळा बेळगाव तालुक्यातली, सरकारी मराठी हायर प्रायमरी, पहिली ते सातवी. वाचनालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. त्याची चावी माझ्या पर्समध्ये असते, म्हणून मी ग्रंथपाल. यंदा मुलांसाठी मासिकं लावायचं ठरलं, कारण एक देणगीदार मिळाले. देणगीदार म्हणजे हेच सदस्य. गाव त्यांना अण्णा म्हणतं. मुलगी चौथीत आमच्याकडेच, आणि धंदा रद्दी-भंगाराचा. धंद्याला मी नावं ठेवत नाही. आमच्या कपाटातली निम्मी पुस्तकं त्यांच्याच गोडावूनमधून वाचून आलेली आहेत. खरं तर वाचवून.

बैठकीसाठी मी स्वतःच्या पैशाने नमुना अंक आणले होते. किशोर आणला, चंपक आणला, आणखी एकदोन. टेबलावर मांडले, आणि बोलायची तयारीही करून आले होते. पहिली-दुसरीला चित्रं मोठी आणि अक्षर ठसठशीत हवं. पिना मजबूत हव्यात, कारण मासिकाचं मधलं पान सगळ्यात आधी निखळतं, आणि गोष्टीचा शेवट नेमका तिथेच असतो. ‘कापा आणि चिकटवा’चं पान फार नको. पहिला मुलगा वाघाचा मुखवटा कापून नेतो आणि मागच्या पानावरची कविता पुढच्या तीस मुलांना वाघाच्या आकाराच्या भोकातून वाचावी लागते. हे सगळं बोलायचं राहूनच गेलं. अण्णांनी एक अंक उचलला, उघडला नाही, तळहातावर ठेवला आणि डोळे मिटले.

“शंभर ग्रॅमच्या आत हाय.”

“अण्णा, ते...”

“वरसाचे बारा. किलो-सव्वा किलो. आणि पैसे केवढे सांगूलाय ओ बाई?”

मी वर्गणी सांगितली. अण्णांनी हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तरांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं. मग अण्णांनी मुखपृष्ठावर अंगठा घासला.

“गुळगुळीत कागद. ह्येच्यावर भजी ठेवून बगा.”

“कशाला?”

“तेल पीत न्हाई. पेपर कसा, तेल पितो, म्हणून पेपराला दर हाय. ह्येला कोण घेतंय? आम्ही घेतो, खरं पडेल भावानं.”

“पण अण्णा, मुलांनी वाचायचंय हे.”

“व्हय की. वाचून झाल्यावर?”

आता याला काय उत्तर द्यायचं? एवढी प्रशिक्षणं झाली, वाचनाची गोडी कशी लावावी यावर रंगीत खडूंनी तक्ते करून झाले, पण वाचून झाल्यावर काय, हे एकाही साधन व्यक्तीने शिकवलं नव्हतं. मी आपली “वाचून झाल्यावर पुढचा अंक येतो” असं काहीतरी म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे फार दयाळूपणे पाहिलं.

बाकीच्यांनीही आपापला हात धुऊन घेतला. एक जण म्हणाले, चांदोबा लावा. म्हटलं, चांदोबा बंद पडून दहा वर्षांच्या वर झाली. “बंद कसा पडेल? आमच्या लहानपणी येत होता की.” या युक्तिवादापुढे मी हरले. चांदोबाचं नाव निघालं आणि मीही जरा वाहवले. 1947 साली तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक मद्रासेत छापलं जायचं आणि पुढे मराठीत आणि कन्नडातही यायचं. आमच्या गल्लीत माझ्याकडे मराठी अंक, शेजारच्या शेट्टरांच्या मुलीकडे कन्नड. चित्रं तीच, वेताळ तोच, अक्षरं वेगळी. ओट्यावर दोन अंक शेजारी ठेवून आम्ही एकमेकींची लिपी लावली. शाळेत कन्नड यायच्या आधी मला कन्नड वाचता येत होतं ते वेताळाच्या कृपेने. म्हणून माझा हट्ट होता की चंपक मराठीही घ्या आणि कन्नडही घ्या, दोन्ही निघतात. यावर एका सदस्याचं म्हणणं, कन्नड कशाला, मराठी शाळा आहे. दुसऱ्याचं म्हणणं, मग मराठी तरी कशाला, कन्नडच घ्या, ऑफिसातून कुणी आलं तर बरं दिसतं. तिसरे मोबाईल बाहेर काढून म्हणाले, किशोरचे जुने अंक बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत, 1971 पासूनचे. हे मात्र खरं आहे आणि फार चांगलंही आहे. फक्त आमच्या शाळेत ते वाचायला एकच मोबाईल मिळेल, तो माझा, आणि त्यावर हजेरी भरायची असते.

एवढ्यात अण्णांनी अंक उघडला. मला वाटलं, चला. पान निघालं ‘सहा फरक शोधा’चं. अण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या पैशाच्या अंकावर पहिला गोल मारला. दुसरा मारला. बोलणं थांबलं. हेडमास्तर ठराव लिहायला पेन उघडून बसलेले, ते तसेच बसून राहिले. तिसरा, चौथा लगोलग सापडले. पाचव्याला चष्मा कपाळावरून खाली आला. सहावा सापडेना. अण्णांनी अंक उलटा धरला. मग खिडकीच्या उजेडात धरला. मग दोन्ही चित्रं एकावर एक येतील असं पान दुमडलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं व्हरांड्यातून ओरडत गेली, अण्णा हलले नाहीत.

शेवटी अंक टेबलावर टाकून म्हणाले, “सहावा फरक न्हाईच. छापायला चुकल्यात. असली चुकीची पुस्तकं पोरास्नी देऊलाय?”

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्यांचीच मुलगी मान लांब करून बघत होती. तिने पोपटाच्या शेपटीवर बोट ठेवलं. डाव्या चित्रात तीन पिसं, उजव्या चित्रात दोन.

“गप्प. वर्गात जा,” अण्णा म्हणाले.

हेडमास्तर म्हणाले, “बाई, अण्णांचं मत लक्षात घ्यायला हवं.” त्यांच्या या वाक्याने मला जे झोंबलं ते भज्याच्या तेलाने झोंबलं नव्हतं. वर्गात चाळीस पोरं मी सांभाळायची, कोणाला ‘र’ आणि ‘व’ जोडून ‘ख’ दिसतो ते मला ठाऊक, आणि मत अण्णांचं!

बरं, सगळा दोष अण्णांच्या पदरात घालावा तर तेही जमत नाही. त्याआधी मी एका मासिकाची वर्गणी नेटवर भरायला बसले होते. नाव सांगत नाही. फॉर्ममध्ये जिल्हा निवडायचा तर यादीत महाराष्ट्राचे 36 जिल्हे. छत्तीसच. 1956 पासून जो सीमाप्रश्न लोंबकळतोय, 2004 पासून ज्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तो त्या फॉर्मने एका टिचकीत निकाली काढला होता. मी कोल्हापूर निवडलं. मग पिनकोडखाली लाल अक्षरं आली, पिनकोड जिल्ह्याशी जुळत नाही. 590 ने सुरू होणारा पिनकोड कोल्हापूरशी कसा जुळणार? फोन लावला. पलीकडच्या बाई गोड होत्या. म्हणाल्या, “मॅडम, तिकडे मराठी शाळा आहेत का अजून?” आणि मग, “परराज्याचा कुरिअर चार्ज वेगळा पडेल.”

परराज्य! ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह’ असं घसा फोडून ओरडलेले आमचे वडील वर असतील तिथे त्यांनी हे ऐकलं नसावं अशी आशा आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. पलीकडून पाहुणे येतात, सीमाभागाने मराठी जपली म्हणून गहिवरतात, शाल घेतात आणि अंधार पडायच्या आत गाडी कोल्हापूरच्या दिशेने वळते. एका पाहुण्याने तरी शाल घेताना शाळेला वर्षभराची एक वर्गणी लावली असती तर अण्णांच्या तळहातावर मासिक ठेवायची वेळ आली नसती. आणि मासिक आलं तरी त्यातल्या कोड्यात नकाशा महाराष्ट्राचा असतो. आमच्या पोरांना कर्नाटकाचे 31 जिल्हे पाठ, तेही मराठी पुस्तकातून. मागे एकीने कोडं परत आणून दिलं. “बाई, ह्यात आपण न्हाईच की.” मी म्हटलं, सूडोकू सोडव.

तर ठराव झाला. किशोर आला, कारण हेडमास्तरांच्या बायकोला आवडतो. चंपक एकच, मराठी. आणि तिसरं अण्णांच्या पसंतीचं, स्पर्धा परीक्षांचं कन्नड मासिक. जाडजूड, बिनगुळगुळीत कागदाचं, एफडीए (सरकारी कारकुनी) आणि पीएसआय (फौजदारकी) भरतीच्या सराव प्रश्नांनी भरलेलं. पहिलीच्या पोरांसाठी! मी तोंड उघडलं तर अण्णा म्हणाले, “बाई, तुमचं पोपट वाचून नोकरी कोण देतंय? परीक्षा कन्नडात असत्यात.” याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि अण्णा उठले होते.

जाताना ते नमुन्याचे अंक घेऊन गेले. ‘बगून देतो’ म्हणाले. सोमवारी मुलीकरवी विचारलं, तर मुलगी म्हणाली, तिने त्यातली सगळी कोडी सोडवली, आता परत द्यायचे नाहीत. ठेव म्हटलं. पैसे तरी शाळेकडून मिळावेत म्हणून हेडमास्तरांकडे दुकानाची पावती दिली. त्यांनी ती उलटसुलट केली. पावती मराठीत आहे, ऑडिटला अडेल, सोबत कन्नड भाषांतर जोडा, खाली मी सही-शिक्का देतो. शिवाय अंक दाखवा, नाहीतर खर्च झाला हे कशावरून?

रक्कम नव्वद रुपये. भाषांतर काल रात्री बसून लिहिलं, झेरॉक्स काढून जोडलं. अंक नाहीत, म्हणून अंक अण्णांकडे असल्याचा अण्णांच्या सहीचा दाखला लागेल. उद्या गोडावूनवर जाणार आहे. नव्वद रुपये मी सोडणार नाही.