घोडा मागे आला म्हणून नेतृत्व सिद्ध होत नाही

व्यवस्थापकांसाठी घोड्यांसोबत घेतल्या जाणाऱ्या प्रशिक्षणवर्गांविषयी एक दावा सर्रास फिरतो आहे. घोड्याच्या हृदयाचे विद्युतचुंबकीय क्षेत्र आपल्यापेक्षा पाचपट मोठे असल्यामुळे तो आपले मन थेट ओळखतो, तो दोराविना मागे चालू लागला की आपल्यातील नेतृत्व जागे झाले असे समजावे, आणि असा एक दिवस कामाचा ताणही घालवतो, असे त्यात म्हटले आहे.

हृदयाच्या क्षेत्राचा मुद्दा चटकन निकाली निघतो. माणसाच्या हृदयाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून लाखो पटींनी क्षीण असते. घोड्याचे त्याच्या पाचपट धरले, तरी ते पृथ्वीच्या क्षेत्रापुढे नगण्यच राहते.

घोडा माणसाला न्याहाळतो, हे मात्र खरे आहे आणि विलक्षणही आहे. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो आणि खूर आपटून उत्तर सांगतो, असा लौकिक होता. अपेक्षित आकडा येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी बारीक हालचाल पाहून तो खूर आपटणे थांबवतो, हे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले. हान्सने वाचले ते शरीर होते. समोरचा माणूस सहकाऱ्यांशी न्यायाने वागतो का, हे शरीराच्या ठेवणीवरून कोणत्याही घोड्याला कळणार नाही.

सर्वांत फसवा मुद्दा मागे चालण्याचा आहे. रिंगणात माणूस घोड्याला पळवत राहतो आणि तो वळून जवळ आला की पळवणे थांबवतो, त्यामुळे जवळ येण्यात सुटका आहे एवढे घोडा शिकतो. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये माणसाऐवजी दूरनियंत्रित खेळण्यातली मोटार वापरली, तेव्हा तिचा पाठलाग थांबावा म्हणूनही घोडे आपले वागणे बदलायला शिकले. त्या मोटारीला नेतृत्वगुण होते, असे कोणी म्हणणार नाही. वर्गातले घोडे तर बहुधा आधीच शिकवलेले असतात.

ताणाविषयी बोलायचे, तर ब्रिटनमधील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांचे वर्ग नव्हते. पण ताणनियोजनाचे वर्ग किंवा ध्यानाची ॲप अशा वैयक्तिक उपायांमुळे, स्वयंसेवेचा अपवाद वगळता, लाभ दिसला नाही. कामाचे तास आणि कामाचा बोजा तसाच राहिला, तर घोड्याच्या सहवासातला दिवस, तो कितीही सुखद असला तरी, वेगळे काय करील?

आपला आवाज, चाल आणि घाई यांकडे लक्ष वेधण्यासाठी हे वर्ग उपयोगी पडू शकतात, असे मला मनापासून वाटते. परंतु त्यांचे यश त्याच संध्याकाळी सहभागींकडून भरून घेतलेल्या अभिप्रायांवर मोजू नये. सहा महिन्यांनी त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांना विचारावे.