लिथुआनियाचं ताट खरंच उसनं आहे का?

युरोपची सहल करून आलेल्यांच्या पोस्टमध्ये आणि खाण्यापिण्याच्या व्हिडिओंमध्ये एक मत हमखास फिरत असतं. लिथुआनियाला म्हणे स्वतःचं जेवणच नाही. बिटाचं सूप रशियाचं, बटाट्याचे गोळे जर्मनांचे, डंपलिंग पोलंडचे, उरलेलं सगळं बेचव, आणि शाकाहारी माणसाने तर तिकडे फिरकूच नये. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते इतकं पटतं. तरी एकेक मुद्दा तपासून बघू.

आधी सूप. शाल्तीबार्श्चेई, म्हणजे तिथलं बिटाचं थंड सूप, हे ‘रशियन बोर्श्ट (तेही बिटाचंच सूप), फक्त गार केलेलं’ असं सांगितलं जातं. मुळात बोर्श्टवर रशियाचा एकट्याचा हक्क नाही. 2022 मध्ये युनेस्कोने तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत बोर्श्ट रांधण्याची परंपरा घातली, ती युक्रेनची. दुसरं म्हणजे या दोन सुपांत बीट सोडलं तर फारसं काही सारखं नाही. बोर्श्ट बहुतेक वेळा मांसाच्या रश्शात कोबी वगैरे घालून उकळतात आणि गरम वाढतात. लिथुआनियन सुपाचा पाया आहे केफिर, म्हणजे आंबवलेलं दूध. त्यात उकडलेलं किंवा मुरवलेलं बीट किसून, काकडी, पातीचा कांदा, भरपूर शेपू आणि उकडलेलं अंडं. रंग इतका भडक गुलाबी की खोटा वाटावा. शेजारी वेगळ्या ताटलीत वाफाळते बटाटे. एक चमचा गार सूप, एक घास गरम बटाटा, असं आलटून पालटून खायचं. बटाटा सुपात बुडवलात तर सगळी मजा गेली.

हे सूप लाटविया आणि बेलारूसमध्येही आहे. पोलंडमध्ये बिटाचा कोवळा पाला आणि मुळे घालून करतात आणि तिथल्या मेनूकार्डावर त्याला ‘लिथुआनियन थंड सूप’च म्हणतात. शेजारी स्वतःहून श्रेय देत असताना आपण ते रशियाच्या नावावर का चढवायचं? (2023 पासून राजधानी विल्न्यूसमध्ये या सुपाचा गुलाबी उत्सव भरतो. तो पर्यटकांसाठीचा खटाटोप आहे हे मान्य, पण त्यात सुपाचा काय दोष?)

बटाट्याच्या गोळ्यांबाबत मात्र दावा करणाऱ्यांची बाजू थोडी बळकट आहे. त्सेपेलिनाई हे या गोळ्यांचं नाव जर्मन झेपेलिन वायुनौकांवरून पडलं, म्हणजे विसाव्या शतकातलं. त्याआधी त्यांना दिज्कुकुलेई म्हणत. बटाटा स्वतःच तिथे रोजच्या खाण्यात आला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे पर्यटकांना ‘आमचा प्राचीन पदार्थ’ म्हणून सांगणारे लिथुआनियनही चुकतातच. पण नवं म्हणजे परकं नव्हे. आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं अमेरिका खंडांतून आलं. म्हणून साबुदाण्याच्या खिचडीला कुणी पोर्तुगीज म्हणत नाही.

आणि करण्याची रीत बघा. कच्चा बटाटा अगदी बारीक किसायचा, फडक्यात घट्ट पिळायचा, पिळलेल्या पाण्याच्या तळाशी बसलेलं सत्त्व परत किसात मिसळायचं, थोडा उकडलेला बटाटा घालून मळायचं. आत डुकराच्या मांसाचं किंवा ताज्या चीजचं सारण, आणि मंद उकळत्या पाण्यात अर्धा तास. वरून आंबट साय आणि परतलेल्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, म्हणजे स्पिर्गुचेई. सीमेपलीकडे पोलंडच्या सुवाल्की भागात हेच ‘कार्ताचे’ नावाने मिळतं. उत्तर स्वीडनमध्ये ‘पाल्ट’ आहे, त्यात पीठही पडतं. बटाटा, डुक्कर आणि लांबलचक हिवाळा जिथे जिथे एकत्र आले, तिथे असं काहीतरी शिजलंच.

डंपलिंगच्या वादात आजच्या सीमा जुन्या स्वयंपाकघरांवर लादल्या जातात. 1386 मध्ये लिथुआनियाचा शासक योगाइला पोलंडचा राजा झाला. 1569 च्या लुब्लिन करारानंतर तर दोन्ही मिळून एकच राज्यसंघ होता, तो 1795 पर्यंत टिकला. चार शतकं एकत्र नांदलेल्यांच्या ताटात कुणाचा पदार्थ कुणाकडे गेला याची वाटणी कशी करणार? कोल्दूनाई, म्हणजे मांस भरलेले छोटे डंपलिंग, पोलंडमध्येही ‘लिथुआनियन’ म्हणूनच ओळखले जातात. त्राकाई गावाचे कीबिनाई, म्हणजे मटण आणि कांदा भरलेल्या, कडेला वेणीसारख्या मुडपलेल्या करंज्या, तर ना पोलिश, ना रशियन. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाचा शासक वीताउतासने क्रिमियातून आणून वसवलेल्या, तुर्की कुळातली भाषा बोलणाऱ्या कराइम समाजाचे ते. किसलेल्या बटाट्याचा भाजलेला कुगेलिस हा ज्यू स्वयंपाकघराशी जोडलेला. लिथुआनियातल्या त्या समाजातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. तेव्हा ‘अस्सल लिथुआनियन’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनाही हा इतिहास थोडा अडचणीचाच.

शाकोतिस हा सळईवर फिरवत भाजलेला, काट्याकाट्यांचा केक जर्मन बाउमकुखेनच्या नात्यातला आहे, यात वाद नाही. सोविएत काळापासून समारंभांत हटकून दिसणारं मेयोनेजचं सॅलडही रशियन वळणाचंच.

बेचव? तिखट नाही, एवढंच खरं. तिथली चव आंबवण्यात, धुरात आणि राईच्या काळ्या पावात असते. हा पाव आंबवून, कधी वेखंडाच्या पानांवर ठेवून भाजतात; तो जमिनीवर पडला तर उचलून त्याचं चुंबन घ्यायची जुनी रीत आहे. पश्चिमेकडच्या झेमाइतियात आंबट साय आणि लोणी कोमट ठेवून घोटत कास्तिनीस करतात, त्यात लसूण किंवा शहाजिऱ्यासारखे कॅरवेचे दाणे. डुकराच्या जठरात मसालेदार मांस ठासून, थंड धुरावर सावकाश मुरवलेलं स्किलांदिस ज्याने खाल्लं, तो बेचव म्हणणार नाही.

शाकाहाऱ्यांची अडचण खरी आहे, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. 24 डिसेंबरच्या रात्रीच्या कूचोसच्या जेवणात बारा पदार्थ असतात आणि मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. हेरिंग मासा असतो, पण त्याबरोबर खसखशीच्या दुधात भिजवलेले छोटे कूचुकाई, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, क्रॅनबेरीचं किसेल, म्हणजे दाटसर पेय, मश्रूम आणि बीटही. पोलंडच्या त्याच रात्रीच्या ताटात कार्प मासा आणि बिटाचं नितळ सूप मानाचं; इथे मान कूचुकाईंचा. एरवी ताज्या चीजचे तळलेले वडे, म्हणजे वार्श्केचेई, मश्रूम भरलेले डंपलिंग, म्हणजे विर्तिनेई, लसूण चोळलेला तळलेला काळा पाव सहज मिळतो. मागवताना ‘बे स्पिर्गुचू’, म्हणजे चरबीचे तुकडे नकोत, एवढं आवर्जून सांगा. नाहीतर चीज भरलेल्या त्सेपेलिनाईवरही ते पसरलेले असतात.