हवा वाढवून फोर्क आखूड होत नाही

माउंटन बाइक चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय. फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दांड्यांचा) ट्रॅव्हल, म्हणजे तो जितका दबतो ते अंतर, कधी कमी करू नका, जास्त तेवढा चांगला. फारच गरज वाटली तर फोर्कमधली हवा वाढवा नाहीतर आत दोन टोकन टाका, ट्रॅव्हल आपोआप कमी होतो. फोर्क उघडून आखूड केलात तर टायर क्राउनला, म्हणजे फोर्कच्या नळ्या वर जोडणाऱ्या भागाला, घासेल, फ्रेमवर ताण येईल आणि वॉरंटी मागितली तर कंपनी हात वर करेल. यातली बहुतेक वाक्यं चुकीची आहेत आणि हवेचं वाक्य तर साफ उलटं आहे. हे वाचून नवी माणसं चांगली सायकल बिघडवून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी हवेचं, कारण तेच सगळ्यांना सोपं वाटतं. गेल्या पावसाळ्यानंतर एक मित्र त्याची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) घेऊन आला. फ्रेम १२० मिलिमीटरच्या फोर्कसाठी आखलेली आणि पुढे सेकंडहँड मिळालेला, १५० ट्रॅव्हलचा रॉकशॉक्स कंपनीचा पाइक फोर्क. चढावर पुढचं चाक भरकटतं, ही तक्रार. हाच सल्ला ऐकून तो शॉक पंपानं हवा वाढवत गेला होता आणि तक्रारही वाढत गेली होती. त्याला म्हटलं, नेहमीचे बूट, पाठीवर नेहमीची पिशवी, आणि पेडलवर सरळ उभा राहा. स्टँशनवरची (फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीवरची) रबरी ओ-रिंग खालच्या पायाच्या तोंडाशी असलेल्या सीलला टेकवली, तो चढला, हळूच उतरला. सीलपासून ओ-रिंगपर्यंत मोजलं तर १५ मिलिमीटर. म्हणजे १५० वर १० टक्के सॅग (नुसत्या स्वाराच्या वजनानं फोर्क दबतो तो). थोडी थोडी हवा सोडत २० टक्क्यांवर आणलं तेव्हा ३० मिलिमीटर भरले.

आता हिशेब बघा. जास्त हवेमुळे त्याच्या सायकलचा पुढचा भाग बसायला हवा त्यापेक्षा १५ मिलिमीटर उंच राहत होता. त्याला पुढचा भाग खाली हवा होता आणि तो पंप मारमारून तो वर उचलत होता.

हा गैरसमज कुठून येतो तेही कळतं. हवा वाढवली की फेरीनंतर ओ-रिंग वरपर्यंत पोचलेली दिसत नाही, मग वाटतं की ट्रॅव्हल कमी झाला. पण तो नुसता वापरला गेलेला नसतो. एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंतचं अंतर, म्हणजे फोर्कची खरी लांबी, तसूभरही बदललेली नसते, आणि सायकलचा तोल ठरतो तो त्या लांबीवर.

टोकनची गोष्ट थोडी वेगळी. टोकन म्हणजे प्लॅस्टिकचा ठोकळा. तो वरच्या टोपीला खालून आटे फिरवून बसतो आणि हवेच्या मुख्य कप्प्यातली जागा खातो. जागा कमी, म्हणून दाबत गेल्यावर शेवटी शेवटी फोर्क झपाट्यानं कडक होत जातो. मोकळा उभा असताना त्याची लांबी होती तेवढीच. ट्रॅव्हल स्पेसर हे वेगळं प्रकरण आहे. तो हवा दाबणाऱ्या पिस्टनच्या खालच्या बाजूला, त्याच्या दांडीवर म्हणजे शाफ्टवर बसतो आणि फोर्कला पूर्ण उघडूच देत नाही. रॉकशॉक्सच्याच जुन्या रेबा फोर्कमध्ये हे क्लिपसारखे स्पेसर असायचे, मॅनिटू कंपनीच्या काही फोर्कमध्येही तशीच सोय आहे. पाइकसारख्या फोर्कमध्ये स्पेसर चालत नाहीत, अख्खा एअर शाफ्ट (पिस्टनसकट दांडी) बदलून हव्या त्या मापाचा घालावा लागतो. टोकन आणि ट्रॅव्हल स्पेसर, दोन्हींना लोक सर्रास ‘स्पेसर’ म्हणतात, घोळ तिथेच सुरू होतो. दुकानात मागताना तरी टोकन हवाय की ट्रॅव्हलचा स्पेसर, हे नीट सांगा.

टोकनचा खरा उपयोग ट्रॅव्हल कमी केल्यानंतर होतो. ढोबळ हिशेब असा: हवेचा कप्पा २०० मिलिमीटर उंच धरा. १५० दबला की ५० उरतो, दाब चौपट. शाफ्ट बदलून १२० केला की शेवटी ८० उरतो, दाब जेमतेम अडीचपट. म्हणजे आखूड केलेला फोर्क मोठ्या उडीत पटकन तळाला जाऊन आपटू शकतो, आणि तिथे एखाद-दुसरा टोकन कामाला येतो. फोर्क आखूड केला की कडक होतो, असंही काही जण सांगतात. त्याचंही उत्तर यातच आलं.

‘जास्त तेवढा चांगला’ यावर काय बोलायचं? रॉकशॉक्सचा पहिला फोर्क, आरएस-१, १९८९ च्या सुमाराला आला तेव्हा त्याला ट्रॅव्हल ५० मिलिमीटरच्या आसपास होता. आज डाउनहिलला २०० लागतो, क्रॉस-कंट्रीचे जगातले अव्वल स्वार १०० ते १२० वर शर्यती जिंकतात. ज्या त्या फ्रेमचं आपलं माप असतं. मित्राच्या सायकलवर फोर्क ३० मिलिमीटर लांब होता. तिरकसपणा धरला तर पुढचा भाग साधारण २७ मिलिमीटर उंच. व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) ११३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अख्खी सायकल सुमारे १.४ अंशांनी मागे कललेली. हेड अँगल (फोर्क बसतो त्या हेड ट्यूबचा कोन) तेवढा पसरट, सीटखालची सीट ट्यूबही तेवढीच मागे, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) अंदाजे १० मिलिमीटर वर. चढावर वजन मागच्या चाकावर जातं आणि पुढचं चाक दगड दिसेल तिकडे वळतं. हे कंपन्यांना ठाऊक होतंच. फॉक्सचा टॅलस, रॉकशॉक्सचे यू-टर्न आणि ड्युअल पोझिशन हे सगळे फोर्क चढासाठी ट्रॅव्हल कमी करता यावा म्हणूनच निघाले.

उलट बाजूही सांगायला हवी. फ्रेम आखली आहे त्याच्याही खाली फोर्क नेलात तर बॉटम ब्रॅकेट खाली येईल आणि पेडल दगडांवर आपटतील. वळणावर सायकल चंचल होईल, उतारावर अंगावर आल्यासारखी वाटेल. म्हणून फ्रेमचं माप आधी शोधा.

फ्रेमवर ताण येतो म्हणतात, तो लांब फोर्कनं. तरफ जितकी लांब तितका हेड ट्यूबच्या सांध्यावर जोर जास्त, म्हणून फ्रेम बनवणारे जास्तीत जास्त किती लांब फोर्क चालेल ते सांगतात. टायर क्राउनला घासण्याचीही भीती नको. फोर्क पूर्ण दबल्यावर खालचे पाय जिथे थांबतात ती जागा बदलत नाही, बदलते ती पूर्ण उघडल्यावरची. आधी घासत नव्हता तर आताही घासणार नाही.

कंपनी हात वर करेल, हे तर अजिबातच पटत नाही. कंपनी स्वतः वेगवेगळ्या मापांचे एअर शाफ्ट विकते आणि ते कसे बदलायचे हे सर्व्हिसच्या पुस्तिकेत पायरी पायरीनं छापते. फक्त त्याच मॉडेलचा, त्याच पिढीचा, त्याच चाकाच्या मापाचा शाफ्ट घ्यायचा. आणि उघडण्याआधी हवा पूर्ण सोडायची, अगदी शेवटचा फुस्स ऐकू येईपर्यंत, कारण आत दाब राहिला तर सुटा भाग तोंडावर उडू शकतो. हे काम हाताखालून गेलेलं नसेल तर जाणत्या मेकॅनिककडे द्या, त्यात कमीपणा नाही.

या सल्ल्याचा एक अवतार कॉइल फोर्कसाठीही (हवेऐवजी स्प्रिंग असलेल्या) फिरतो: स्प्रिंग कापा. कृपा करून हे करू नका. २० वेढ्यांतले ४ कापले की उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक होते. शिवाय ती आत सैल बसते, फोर्क खडखडतो आणि कापलेलं टोक आतला भाग खरवडत राहतं. स्वस्त कॉइल फोर्क आखूड करायची सोय नसेल तर योग्य मापाचा दुसरा फोर्क बघणं हाच मार्ग.

मित्राच्या पाइकला १२० चा शाफ्ट आम्ही गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून घातला. खालचे पाय उतरवले तेव्हा तेल काळंकुट्ट निघालं, ते तसंही बदलायलाच हवं होतं. सर्क्लिप (शाफ्ट आत अडकवून ठेवणारी कडी) बसवताना तिची धारदार कड बाहेर ठेवली आणि शाफ्ट ओढून बघितला. हवा भरताना मधेमधे फोर्क दाबत राहिलो, म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांतला दाब सारखा होतो. सॅग २४ मिलिमीटरवर, म्हणजे २० टक्क्यांवर आणला, एक टोकन घातला. हँडल दोन सेंटिमीटर खाली आलं, तेव्हा हँडल धरणाऱ्या स्टेमच्या वरच्या रिंगा (यांनाही स्पेसरच म्हणतात) काढून खाली घातल्या. रविवारी तो त्याच चढावर गेला आणि वरून फोन केला, पाय न टेकता पोचलो म्हणून.