मैत्री टिकवायची आहे? मग जर्नल द्या

नाशिकच्या कॉलेजात नव्यानं ॲडमिशन घेतलेल्या, एसटीनं अपडाउन करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्हाला मित्र हवे असणार. सीबीएसला उतरून शरणपूर रोडनं कॅनडा कॉर्नरपर्यंत एकट्यानं पाय ओढत जाताना माणसाला कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. समोरून गाडीवर तिघं-तिघं खिदळत जातात आणि आपण डबा सांडला तर नाही ना, हे दप्तराला हात लावून बघत असतो. मी दिंडोरीकडचा. केमिस्ट्री, दुसरं वर्ष. दोन वर्षांत मैत्री या विषयात मी जे कमावलं, ते मागच्या सोमवारी पूर्णत्वाला गेलं. तेव्हा हा मोफत सल्ला. फी वगैरे काही नको, मित्रांकडून घ्यायची सवयच राहिली नाही.

पहिली गोष्ट, 'नाही' हा शब्द दिंडोरी नाक्यावरच उतरवून ठेवा. संध्याकाळी परत जाताना उचला आणि घरच्यांना ऐकवा. आईनं 'जरा मोटार बंद करून ये' म्हटलं की तो कामाला येतो.

गाडी असेल तर चावी खिशात ठेवू नका, बाकावर ठेवा. पेट्रोल हा आपला खासगी प्रश्न असतो.

तुमच्या घरी द्राक्षबाग असेल तर तुम्ही जन्मजात लोकप्रिय आहात. फेब्रुवारी लागला की वर्षभर तुमच्याकडे न बघणारीसुद्धा 'काय मग, बाग काय म्हणते' असं विचारू लागतात. त्यांना बागेचं काही पडलेलं नसतं, पिशवीचं असतं. आणा. गर्दीच्या एसटीत, मांडीवर, घड चेंगरणार नाहीत अशा बेतानं आणा. लॅबच्या बाहेर पाच मिनिटांत देठ उरतील आणि त्यातला एक जण बोटं पुसत म्हणेल, 'यंदा जरा आंबटच आहेत रे.' यावर हसा. अवकाळीत वडील रात्री कितीदा उठून आभाळाकडे बघत होते, व्यापाऱ्यानं काय भाव फोडला, असलं काही सांगत बसू नका. मैत्रीत रड नको.

मिसळीचंही तसंच. नाशिकमध्ये मैत्री मिसळीवर जमते आणि मिसळीच्या बिलावर तिची परीक्षा होते. रविवारी सकाळी सहा जण जातात, तर्री तीनदा मागवतात, पापड चुरतात, दही वाढवून घेतात, वर जिलबी सांगतात. बिल आलं की पाच जणांचं नेट जातं. तुम्ही स्कॅन करा. 'पाठवतो रे नंतर' हे वाक्य कानावर पडलं की मनातल्या मनात त्या पैशांवर तुळशीपत्र ठेवा. आठ दिवसांनी आठवण केलीत तर 'एवढ्याशा पैशासाठी?' असं ऐकायला मिळेल. एवढ्याशा पैशात माझे तीन दिवसांचे वडापाव होतात, पण ते जाऊ द्या.

75 टक्के हजेरी विद्यापीठाला हवी असते. मित्राची हजेरी तुमच्या घशातून जाते, तेव्हा दोन वेगळे आवाज काढायला शिका.

हरिहर गडाचा बेत ठरला की ग्रुप काढायचं काम तुमच्याकडे घ्या. नाव ठेवा, डीपी लावा, निरगुडपाड्यापर्यंत कसं जायचं ते विचारून ठेवा. बावीस जण अंगठा दाखवतील. पहाटे साडेपाचला तुम्ही आणि तुमची पाण्याची बाटली असाल. त्या कातळातल्या खड्या पायऱ्यांचं मी दोन वर्षांत इतरांच्या स्टेटसवर मनसोक्त दर्शन घेतलंय.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मनगटावर जागा ठेवा. त्या दिवशी कोपरापर्यंत बँड बांधून घ्या आणि फोटो काढा. सोमवारी तेच हात जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, मागायला पुढे येतात.

आता जर्नल. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. मित्रानं जर्नल मागितलं की लगेच द्या. 'कधी देशील' विचारू नका, त्याला वाईट वाटतं. आपण ते दोन महिने लिहिलेलं असतं, प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर रीडिंग उतरवून, रात्री घरी येऊन, ब्राउन पेपरचं कव्हर घालून, अनुक्रमणिका पट्टीनं आखून. हे सगळं आपण का केलेलं असतं? मित्राला एका रात्रीत उतरवून घेता यावं म्हणून. अक्षर सुवाच्य ठेवा. त्याला लागलं नाही तर तो फोन करून विचारतो, 'भावा, हे सात आहे का एक?'

माझा जो मित्र, त्याचं नाव मी सांगणार नाही. तो सगळ्यांना भावा म्हणतो, म्हणून आपणही त्याला भावाच म्हणू. शनिवारी सबमिशनची शेवटची तारीख होती आणि बुधवारी दुपारी भावानं माझं जर्नल नेलं. 'उद्या सकाळी नऊला तुझ्या हातात.' गुरुवारी नऊला भावा आला नाही. दहालाही नाही. शुक्रवारी आला आणि म्हणाला, 'अरे, घरी राहिलं.' शनिवारी मी पहिल्या बसनं येऊन लॅबच्या दारात उभा. भावा आला, स्वतःचं जर्नल गठ्ठ्यावर ठेवलं, सही घेतली आणि बाहेर येऊन कपाळावर हात मारला. 'अरे यार! तुझं टेबलावरच राहिलं बघ!' स्वतःचं राहिलं नाही. माझं राहिलं. हा फरक नीट लक्षात घ्या, मैत्रीचं मर्म यातच आहे.

रविवारी मी गावाहून त्याच्या घरी गेलो. सीबीएसला उतरलो, तिथून सिटी बस, गंगापूर रोडला उतरून ऊन्हातून चालत. फोन लागेना. स्टेटस मात्र लागत होतं. भावा गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पाण्यात पाय सोडून बसला होता आणि खाली लिहिलं होतं, 'पीस'. काकूंनी दार उघडलं. बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं, पाणी दिलं, चहा टाकते म्हणाल्या आणि माझ्याबरोबर शोधायला लागल्या. कपाट झालं, कॉट झाली, टेबल झालं. शेवटी मिळालं. लॅपटॉप गरम होतो म्हणून त्याच्याखाली लावलेलं होतं. नवव्या प्रयोगाच्या पानावर तर्रीच्या वाटीचा गोल होता. पूर्ण, लालसर, कंपासनं काढावा तसा. काकू ओल्या फडक्यानं पुसायला गेल्या तर शाई पसरली. 'हा मुलगा ना,' एवढंच म्हणाल्या. मीच म्हटलं, 'असू द्या काकू.' बघा, 'नाही' खरंच दिंडोरी नाक्यावर राहिला होता.

सोमवारी दिलं. उशिरा आलेलं म्हणून सरांनी पान न् पान बघितलं. शनिवारी साठ जर्नलांवर सह्या करताना कोण बघतं? सातव्या प्रयोगाला त्यांचा लाल पेन थांबला. ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन, म्हणजे एक द्रव दुसऱ्यात रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं सोडायचा. आम्ही प्रॅक्टिकलला ब्युरेटमध्ये, म्हणजे वरच्या नळीत, हायड्रॉक्साइड घेतलं होतं. रात्री जर्नल लिहिताना माझ्याकडून उलटं झालं, आम्ल ब्युरेटमध्ये लिहिलं गेलं, शंकुपात्रात हायड्रॉक्साइड, आणि अंतिम बिंदूला रंग बदल मात्र प्रत्यक्षात पाहिला तसाच, 'रंगहीन ते फिकट गुलाबी'. फिनॉल्फ्थॅलिन हा रंगसूचक आम्लारीत असं वागत नाही. हायड्रॉक्साइडमध्ये ते आधीच गुलाबी असतं, वरून आम्ल पडलं की रंग जातो. चूक माझी होती, शंभर टक्के माझी. झोपेत केलेली.

सरांनी गठ्ठ्यातून भावाचं जर्नल ओढलं, कारण आम्ही शेजारी बसतो. सातवा प्रयोग उघडला. तीच चूक. तीच रीडिंग, 9.8, 9.8, 9.8. ओळीच्या शेवटी माझा शब्द तुटला होता, तोसुद्धा तिथंच तुटलेला. सर म्हणाले, 'याचं शनिवारी आलं. तुझं आज. म्हणजे कोणी कोणाचं बघितलं?'

भावा दारात उभा होता. सरांनी त्यालाच विचारलं. भावा म्हणाला, 'काय माहीत सर.'

बाराच्या बारा प्रयोग पुन्हा लिहून बुधवारपर्यंत आणायचे, अशी मला शिक्षा. घरी काढणी सुरू होती, मजूर कमी आलेले, वडील क्रेटवर बसून घडांतले खराब मणी काढत होते. मी विचारलं, हात लावू का? ते म्हणाले, 'तू तुझं लिही.' दोन रात्री लिहीत बसलो. तर्रीच्या गोलासकट जुनं जर्नल समोर उघडं होतं. दोन महिन्यांत एकदाच मी कोणाचं तरी बघून उतरवलं, ते स्वतःचंच.

तर मित्रहो, मैत्रीत असं होतंच, हसून सोडून द्यायचं असतं, मोठं मन करायचं असतं,

नाही. काय मोठं मन? कोणाचं? बुधवारी रात्री तुझा मेसेज आला, 'भावा मनावर घेऊ नको, मिसळ माझ्याकडून.' त्या पानावर मिसळ आधीच सांडली आहे तुझी. मला मिसळ नको होती. दारात उभा राहून 'सर, मी याचं बघून लिहिलं' हे म्हणायला तुला किती वेळ लागला असता? सही झाली होती तुझी. सर फार तर ओरडले असते. तुझे वडील काही क्रेटवर बसलेले नाहीत, तुला रात्रीची एसटी नाही, तू दोन दिवसांत पुन्हा लिहूनही काढलं असतंस. ते धाडस नव्हतं रे, पाच शब्द होते. 'काय माहीत सर' म्हणे. तुला माहीत नाही? माझा सात आणि एक तू रात्री साडेअकराला फोन करून विचारला होतास!

आणि हसताय काय, तुम्ही बाकीचे? त्या दिवशी लॅबमध्ये अकरा जण होता तुम्ही. त्यातल्या किमान पाच जणांनी माझ्या जर्नलचे फोटो ग्रुपवर बघितले होते, भावानंच टाकलेले. एकालाही बोलता आलं नाही. सगळ्यांना अचानक बूट बघायचे होते. बाहेर आल्यावर मात्र खांद्यावर हात, 'सर पण ना यार.' सरांचं काय चुकलं? त्यांनी तारीख बघितली. सरांना शिव्या घालून स्वतः सुटायचं, ही सवय सोडा आधी. माझ्याकडून फुकट मिसळी हाणल्यात, द्राक्षं खाल्लीत, हजेरी लावून घेतलीत. त्या बदल्यात एक वाक्य मागितलं होतं. तेही मागितलं नव्हतं, ते तुम्हाला आपोआप सुचायला हवं होतं.

काल परत मेसेज आला. 'भावा, गुरुवारी एक्स्टर्नल कोणता प्रयोग विचारतील रे? तुझं नवीन जर्नल दे ना एक दिवस.' निळ्या टिका होऊन वीस तास झाले, मी उत्तर दिलेलं नाही.

नवीन जर्नलमध्ये सातवा प्रयोग मी दुरुस्त करून लिहिलाय. तुझ्या जर्नलमध्ये तो अजून तसाच आहे, सहीसकट.