‘पाच वर्षांत ९० टक्के मेंदू तयार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज अधूनमधून फिरत असतो. मुलाचा ९० टक्के मेंदू पाच वर्षांत तयार होतो आणि नंतर दार बंद, अशी त्याची सुरुवात. पुढे फर्मानं: रोज फ्लॅशकार्ड (चित्र-शब्दांची कार्डं) दाखवा, शैक्षणिक व्हिडिओ लावा, बोलती खेळणी आणा, तीन वर्षांच्या आत अक्षरं-अंक पक्के करून घ्या. नुसत्या खेळण्यात आणि आंघोळ-कपड्यांत जाणारा वेळ वाया जातो म्हणे. मूल बोलत नसेल तर कार्डं वाढवा. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, पण दहा जणांना पाठवायचा आग्रह मात्र असतो. सगळा डोलारा एका अर्धसत्यावर उभा आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

‘९० टक्के मेंदू पाच वर्षांत, मग दार बंद’

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के असतं, हे खरं. पण ते आकारमान झालं. क्षमता त्या मापाने मोजत नाहीत. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या आधी भरमसाट तयार होतात आणि मग न वापरलेल्या छाटल्या जातात. ही छाटणी आणि जुळणी पौगंडावस्थेतही चालू असते. स्वतःला आवरणं, बेत आखणं यांत मोठा वाटा असलेला कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो.

दार बंद होण्याची गोष्ट काही बाबतींत खरी आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली नाही, तर दृष्टीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. अक्षरओळख आणि पाढ्यांना असं दार नाही. प्रौढ साक्षरता वर्गात साठीतली माणसं वाचायला शिकतात, ती काही चमत्कार म्हणून नव्हे. पहिली वर्षं महत्त्वाची आहेतच. पण महत्त्वाची आहेत म्हणजे ती कोंबून भरली पाहिजेत, ही उडी मेसेजची आहे, मेंदूशास्त्राची नाही.

‘फ्लॅशकार्ड आणि शैक्षणिक व्हिडिओंनी बुद्धी वाढते’

२००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चीनमधली मँडरिन भाषा १२ बैठकांत ऐकवली. काही बाळांसमोर माणूस प्रत्यक्ष बसून खेळत-बोलत होता. काहींना तीच माणसं, तोच मजकूर पडद्यावर. प्रत्यक्ष भेटलेल्या बाळांना मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यावाल्यांना काहीच नाही.

मानसशास्त्रज्ञ जूडी डीलोश यांचा २०१० चा अभ्यास याहून बोलका आहे. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवणारी डीव्हीडी महिनाभर दाखवली. ती न पाहिलेल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वांत जास्त शब्द शिकली ती मुलं, ज्यांच्या आईवडिलांना फक्त शब्दांची यादी देऊन ‘रोजच्या व्यवहारात हे वापरा’ एवढंच सांगितलं होतं. गंमत म्हणजे ज्या पालकांना डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपलं मूल प्रत्यक्षापेक्षा जास्त शिकलं असं वाटत होतं. ‘आमच्या पिल्लूला तर फरक पडला’ हे छातीठोक सांगणाऱ्यांवर रागवायचं नाही, ते याचसाठी.

(बाळाची बुद्धी वाढावी म्हणून मोझार्टचं पाश्चात्य संगीत ऐकवण्याचा सल्लाही याच कुळातला. ज्यावरून तो निघाला, तो १९९३ चा प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम टिकला १०-१५ मिनिटं. त्यात बाळ एकही नव्हतं.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच.

‘बोलती खेळणी भाषा शिकवतात’

बटण दाबलं की गाणारं खेळणं बोलतं, आणि घरातली माणसं गप्प होतात. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० ते १६ महिन्यांची मुलं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांच्या खेळाचं घरीच ध्वनिमुद्रण केलं गेलं. दिवे-आवाजवाली खेळणी हातात असताना पालक कमी बोलले आणि मुलांनीही कमी आवाज काढले. साधे ठोकळे आणि पुस्तकं असताना पालक जास्त बोलले, आणि पुस्तकं असताना मुलांनीही जास्त आवाज काढले. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, १६ ऐवजी ४ खेळणी समोर असली की छोटी मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा निम्मी खेळणी माळ्यावर टाकून द्या, बिनधास्त.

‘खेळ आणि घरातली कामं म्हणजे वाया गेलेला वेळ’

माझा खरा राग या वाक्यावर आहे.

धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडलाय. दीड-पावणेदोन वर्षांचं मूल त्यातून एक मोजा उपसतं आणि म्हणतं, “बाबा!” घडी घालणारी आई म्हणते, “हो, बाबांचा मोजा. केवढा मोठा! याचा जोडीदार कुठे गेला?” मूल ढिगात हात घालतं आणि भलताच इवलासा मोजा आणून देतं. “हा तर तुझा! बघ, एवढासा.” मूल बाबांच्या मोज्यात पाय घालायला बघतं, एका पायावर डगमगतं, धपकन बसतं, हसतं, पुन्हा उठतं. इथे मालकी आली, लहान-मोठं आलं, जोडी आली, तोल सावरणं आलं, चुकलं तरी पुन्हा करून बघणं आलं. आणि हे सगळं मुलाने सुरू केलं, मोठ्या माणसाने फक्त उत्तर दिलं.

मूल काहीतरी पुढे करतं, म्हणजे बोट दाखवतं, आवाज काढतं, वस्तू आणतं. आपण प्रतिसाद देतो. ते पुन्हा काहीतरी करतं. भाषा या देवाणघेवाणीत घडते. २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले त्यापेक्षा मोठ्यांशी त्याचं आलटून-पालटून किती बोलणं झालं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या सक्रियतेशी जास्त संबंध दिसला. फ्लॅशकार्डात पाळी नेहमी मोठ्यांचीच असते. आंघोळीच्या वेळी पाण्याचा मग उलटा करून ते सांडणाऱ्या मुलाची मात्र पाळी असते, आणि ते दहाव्यांदा तेच करतं तेव्हा पाणी खरंच दर वेळी खालीच जातं का, याची खात्री करून घेत असतं.

आता उलट्या बाजूची अतिशयोक्तीही नको. ‘प्रत्येक क्षण शिकण्याचा’ ऐकून काही पालक त्या मोज्याचीही परीक्षा घेतात: हा कुठला रंग? किती मोजे झाले? परत सांग! दोन-तीन वेळा मूल उत्तर देतं, मग उठून जातं. दमला असाल तर नुसत्या घड्या घाला. मूल शेजारी एकटं खेळत बसलं तरी ते खेळणंच आहे.

घरगुती खेळाचा परिणाम किती लांब जातो, याचा ठोस पुरावा जमैकातला आहे. १९८६-८७ मध्ये तिथे गरीब वस्त्यांतल्या, वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला तासभर जाऊ लागल्या. टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि आयांना मुलाशी खेळायला-बोलायला उत्तेजन, इतकंच साहित्य. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी ही मुलं, भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. ती विपन्नावस्थेतली मुलं होती, हा आकडा सुस्थितीतल्या घराला चिकटवता येणार नाही. पण वेळ वाया गेला, असं तरी कुणी म्हणू नये.

‘तीन वर्षांच्या आत अक्षरं-अंक पक्के’

न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचायला शिकवलेल्या मुलांची तुलना झाली आहे. अकराव्या वर्षापर्यंत वाचनातला फरक उरला नव्हता. यापेक्षा जास्त शाई या मुद्द्यावर घालवत नाही.

‘मूल बोलत नाही? कार्डं वाढवा’

हा सल्ला निव्वळ चुकीचा नाही, घातक आहे, कारण त्यात महिने जातात. बारा महिन्यांपर्यंत मूल बडबडत नसेल किंवा बोटाने दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, हाक मारली तरी बघत नसेल, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना गाठा आणि श्रवणतपासणी करून घ्या. ‘आवाज आला की वळतो तर’ यावर विसंबू नका. अंशतः ऐकू येणारं मूलही मोठ्या आवाजाला वळतं. ‘याचे वडीलही उशिरा बोलले’ म्हणणारे घरात असतातच. त्यांना म्हणू द्या, तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.